हे कुणाचं रान?

तर झालं असं, की मी गेलो होतो सेकंडहँड वॉशिंग मशीन बघायला आणि परत आलो ते कॅमेरा घेऊन.

टीममधला एक मित्र ऑनसाइट निघाला होता, घरातलं सामान विकत होता. मशीन खालून गळत होतं. शेजारी टेबलावर एक जुना डीएसएलआर, १८-५५ची किट लेन्स आणि जरासा डुगडुगणारा ट्रायपॉड असा ऐवज पडलेला. "सगळं मिळून दे काय द्यायचं ते," मित्र म्हणाला. घरी आल्यावर काय झालं ते सांगत बसत नाही. पुढचे दोन महिने कपडे हाताने धुतले गेले आणि ते मी धुतले, एवढं पुरे. :-)

आता कॅमेरा आला म्हणजे फोटो काढणं आलं. माणसांचे फोटो काढायला मला लाज वाटते. पक्ष्यांसाठी लागणाऱ्या लेन्सची किंमत ऐकली आणि पक्ष्यांचा नाद सोडला. उरला निसर्ग. डोंगर पळून जात नाही, डोळे मिटत नाही, "झाला का काढून?" म्हणून विचारत नाही. लँडस्केप फोटोग्राफी सगळ्यात सोपी असा माझा तेव्हा प्रामाणिक समज होता.

मी नगर जिल्ह्यातला, पारनेर तालुक्यातला. (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. आमच्या गावात अजून "नगरला जाऊन येतो" असंच म्हणतात, सवय जायला वेळ लागेल.) सतरा हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. पुण्याच्या ऑफिसात कुणी "तुमच्या नगरला आहे काय रे, दुष्काळाशिवाय?" असं डिवचलं, की मी ठरलेली नावं फेकतो. भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड. कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर! हे सगळं अकोले तालुक्यात, जिल्ह्याच्या पार पश्चिम टोकाला. आमच्या गावापासून चांगलं लांब. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मी तिकडे पाऊलही टाकलं नव्हतं, हे मात्र मी ऑफिसात सांगत नाही.

तेव्हा पहिला वीकेंड अकोल्याचा, हे ठरलेलंच होतं. ऑगस्टमधल्या एका शनिवारी पहाटे चारला निघालो. नाशिक हायवेने संगमनेर, मग अकोले, राजूर, भंडारदरा. प्रवरेवरचं विल्सन धरण, १९२६ साली पूर्ण झालेलं. रंधा धबधबा. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरावर धबधबा आणि प्रत्येक धबधब्याखाली पुण्या-मुंबईची एक गाडी, दारं उघडी, गाणी सुरू. मी सगळ्याचे फोटो काढले. दिसेल त्याचे. संध्याकाळपर्यंत सहाशे बारा.

रात्री लॅपटॉपवर उघडले आणि जेवण जाईना. आभाळ सगळीकडे पांढरंफट्ट. धबधबे म्हणजे हिरव्या कागदावर व्हाइटनर सांडलेलं. क्षितिज इतकं तिरकं, की धरणातलं पाणी एका बाजूने सांडून जावं. शेवटचे दोनशे फोटो तर नुसतेच धूसर, कारण लेन्सवर बाष्प बसलं होतं आणि ते पुसायचं असतं हे साहेबांच्या गावी नव्हतं. सहाशे बारांतला एकही ठेवण्यासारखा नाही. एखाद्या प्रोजेक्टचा एवढा वाईट पास रेट मी कधी पाहिला नाही.

आमच्या शेजारच्या टीममध्ये एक सीनियर आर्किटेक्ट आहेत. दहा-बारा वर्षं लँडस्केप करतात आणि वर्षाकाठी वीस फोटोसुद्धा कुणाला दाखवत नाहीत. सोमवारी लंचनंतर धीर करून त्यांना माझे पंधरा-वीस दाखवले. ते शांतपणे बघत गेले. मग एकावर थांबून म्हणाले, "हा फोटो कशाचा आहे?"

"भंडारदऱ्याचा."

"ते ठिकाण झालं. फोटो कशाचा आहे?"

मला उत्तर देता येईना. फोटोत धबधबा होता, डोंगर होता, झाड होतं, कुणाची तरी लाल छत्रीही होती. सगळं होतं.

मग त्यांनी चहाच्या दोन कपांत मला जे शिकवलं, ते इथे देतो. कुणा नवशिक्याचे सहाशे फोटो वाचले तर वाचले.

ट्रायपॉड वापरायचा, आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८ ते एफ ११. एवढ्यात पुढचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही बहुतेक वेळा स्पष्ट येतात. आणखी स्पष्ट येईल म्हणून एफ २२ ला जायचं नाही. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश पसरतो आणि उलट सगळंच मऊ पडतं. बटण बोटाने दाबलं तरी कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. पाणी रेशमासारखं हवं असेल तर शटर पाव ते एक सेकंद उघडं ठेवायचं, आणि ते भर उन्हात जमत नाही. ढगाळ हवा किंवा सांज हवी, नाहीतर काळा एनडी फिल्टर.

दुसरं, कॅमेऱ्याला अक्कल नसते. समोर काहीही ठेवा, त्याला ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचं वाटतं. म्हणून धुक्याचा फोटो मळकट येतो. तिथे एक्सपोजर थोडं वाढवायचं. उलट आभाळ एकदा का पूर्ण पांढरं झालं, की त्यातून काही परत मिळत नाही. डेटा लॉसच तो. तेव्हा हिस्टोग्राम बघायचा, उजव्या भिंतीला टेकू द्यायचा नाही, आणि जेपेगऐवजी रॉमध्ये काढायचं. सावलीतलं नंतर उजळता येतं.

"आणि तिसरं?" मी विचारलं.

"तिसरं म्हणजे, त्याच जागी परत जा," ते म्हणाले आणि कप ठेवून मीटिंगला गेले.

मी अर्थात त्याच जागी गेलो नाही. :-) ऑक्टोबरात हरिश्चंद्रगडावर गेलो. पाचनईहून चढायला सोपा पडतो म्हणून तिकडून. या वेळी अभ्यास केला होता. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्त थेट समोर. इथलं इंद्रवज्र प्रसिद्ध आहे, १८३५ साली कर्नल साइक्स यांनी ते इथे पाहिल्याचं सांगतात. धुक्याच्या पडद्यावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं पूर्ण वर्तुळ. मला ते हवं होतं. कड्यावर संध्याकाळी पाचला जाऊन ट्रायपॉड लावून बसलो, आणि बसल्या बसल्या डोक्यात प्रकाश पडला. सावली समोर पडायची तर सूर्य पाठीमागे हवा. पश्चिमेच्या कड्यावर उभं राहून सूर्य पाठीमागे कधी असतो? सकाळी! संध्याकाळी इथे इंद्रवज्र दिसणं शक्यच नाही. शाळेत चौथीला दिशा शिकवतात, इंजिनिअरिंगला चार वर्षं जातात, आणि माणूस कड्यावर जाऊन बसतो तो उलट्या वेळेला.

असो. पण सूर्यास्त मिळाला. ढगांचे दोन थर होते आणि मधल्या फटीतून ऊन कड्याच्या काळ्या भिंतीवर आडवं आलं. अकरा फोटो काढले. फक्त अकरा! टॉर्चच्या उजेडात खाली उतरताना मी गाणं म्हणत होतो. त्यातला एक फोटो खरोखर चांगला आला. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, मावशीने सात बदाम पाठवले.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा तो लॅपटॉपवर पूर्ण स्क्रीनभर करून आप्पांना दाखवला. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिला.

"चांगलाय. कुठलाय?"

"आपल्याच जिल्ह्यातला, आप्पा. हरिश्चंद्रगड."

"जिल्हा कुठंय यात? खाली दिसतंय ते तर कोकण हाये की."

मी बघितलं. खरंच की. माझे पाय तेवढे नगर जिल्ह्यात होते. फोटोत होतं ते सगळं घाटाखालचं.

मग ते उठता उठता म्हणाले, "आपल्या वरल्या पट्टीचा एक काढून ठेव. संक्रांतीनंतर खरेदीखत हाये."

वरची पट्टी म्हणजे आमचं अडीच एकराचं रान, डोंगराच्या पायथ्याचं. आमच्या भागात जमिनींना भाव आलाय. गिऱ्हाईक चांगलं होतं, आप्पांचे गुडघे गेलेत, विहीर मार्चला तळ गाठते. विकायचं सगळ्यांचं मिळून ठरलं असं आम्ही म्हणतो. पहिल्यांदा विषय मी काढला होता. त्या पैशातला मोठा भाग माझ्या पुण्यातल्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला जाणार होता. हे लिहायला नको होतं कदाचित, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तर दुसऱ्या दिवशी फराळ करून अकराच्या सुमाराला गेलो. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, सगळं बसावं म्हणून लेन्स १८वर, एफ ११, आयएसओ १००, क्षितिज लेव्हलला. टेक्निकली काही चूक नाही. घरी येऊन दाखवला.

आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे कुणाचं रान?"

मला वाटलं, चष्म्याचं काही असेल. "आपलीच पट्टी आहे, आप्पा."

"डोंगर कुठंय मग?"

डोंगर होता. वरच्या कडेला, फिकट, पुटकुळीएवढा. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी राग आला. साठ वर्षं ज्या रानात राबले ते ओळखता येत नाही? रात्री अंथरुणात पडून मी स्वतःच तो फोटो मोबाइलवर बघितला आणि मलाही ते रान ओळखता आलं नसतं. पिवळट-तपकिरी सपाट पट्टा, वर पांढुरकं आभाळ. सोलापूरपासून संभाजीनगरपर्यंत कुठलंही असू शकलं असतं. आर्किटेक्ट साहेबांचा प्रश्न आठवला. फोटो कशाचा आहे? कशाचाच नव्हता. क्लायंटने डिलिव्हरी नाकारली होती, आणि रिक्वायरमेंट विचारायला मी गेलोच नव्हतो.

दोन गोष्टी चुकल्या होत्या. पहिली लेन्स. वाइड लेन्समध्ये सगळं मावतं खरं, पण जवळचं पसरतं आणि लांबचं बारीक होतं. आपण रानात उभे असतो तेव्हा डोंगर अंगावर येतो, कारण आपली नजर तिकडे लागलेली असते. कॅमेऱ्याची नजर कुठेच लागलेली नसते. डोंगर त्याच्या मापाचा हवा असेल तर मागे सरकायचं आणि लेन्स पन्नासच्या पुढे न्यायची. आजूबाजूचं बरंच काही सोडून द्यावं लागतं, ते सोडायचं.

दुसरी चूक वेळेची. आमचा डोंगर रानाच्या दक्षिणेला आहे. सकाळी अकराला सूर्य त्याच्याच अंगाला, वर चढलेला. सावल्या आखडलेल्या, समोर सगळी धुरकट चमक. आणि सावली नसली की आमच्या रानात दिसण्यासारखं उरतंच काय? अकोल्यात ढोबळ चुका खपून जातात. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढतात, थंड होतात आणि तिथेच मोकळे होतात. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. घाटमाथा ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत ढगात पाचशे-सहाशेची पुंजी उरते. तिकडे हिरवा रंगच निम्मं काम करतो. आमच्याकडे माळ, मुरूम, हिवर, बाभळी आणि दगडी ताली. तालीची उंची दिसते ती तिच्या सावलीमुळे. ऊन आडवं पडलं तरच.

मग मी दर शनिवारी गावी जायला लागलो. बायको म्हणाली, एवढं तर कॉलेजात असतानाही जात नव्हतास.

जाताना शिरूरहून निघोजला वळायचो. निघोजचे रांजणखळगे बऱ्याच जणांना माहीत असतील. कुकडीच्या पात्रात बेसाल्टच्या कातळाला पडलेली रांजणासारखी भोकं. पुराच्या पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे अडकतात, गरगर फिरत राहतात आणि हजारो वर्षं कातळ कोरत जातात. सरावाला याच्याइतकी चांगली जागा नाही. पात्रात पाणी कमी असताना पहाटे गेलं तर खळग्यांच्या एका काठावर ऊन आणि दुसऱ्यावर सावली अशी नक्षी दिसते. (शेवाळावरून घसरतं. कॅमेरा नंतर, आधी पाय.)

तिथे मला एक गोष्ट उशिरा कळली. दोन शनिवार मी काढलेल्या फोटोंत खळगे साबणाच्या डबीएवढे दिसत होते. माणूस उतरेल एवढा खोल खळगा, पण फोटोत माप सांगणारं काही नाही. तिसऱ्या वेळी मळगंगेच्या दर्शनाला आलेल्या एक आजी टोपली डोक्यावर घेऊन पलीकडच्या कातळावरून चालत गेल्या. फ्रेममध्ये अंगठ्याच्या नखाएवढ्या. आणि एकदम सगळी नदी तिच्या मापाची झाली. लँडस्केपमध्ये माणूस नको, असं मी समजत होतो. बारकासा असला तर तोच बाकीच्याचं माप सांगतो.

मग आप्पांना विचारलं, "फोटो कुठून काढू?" आधी विचारायला हवं होतं.

ते मला विहिरीकडे घेऊन गेले. विहीर खोदताना निघालेल्या दगड-मुरुमाचा ढीग आहे रानाच्या उत्तरेला, आता त्यावर घाणेरी माजलीय. त्यावर चढवलं आणि म्हणाले, "हितून बघ."

तिथून खाली मालदांडी ज्वारीचा पट्टा, त्यात एकावर एक तीन ताली, त्यांच्या मागे पाझर तलावाचा भराव आणि त्यावर डोंगर. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं. पण तिथून, त्या क्रमाने कधी पाहिलं नव्हतं. तो तलाव बहात्तरच्या दुष्काळात झाला. आप्पा तेव्हा बारा वर्षांचे होते, आज्ज्याबरोबर दुष्काळी कामावर जायचे. खडी फोडायची, माती वाहायची, सुकडी खायची. हे मला माहीत होतं, पण "आमच्या लहानपणी..." या सदराखाली, म्हणजे न ऐकता. त्या ढिगावर उभं राहून ते बोट दाखवून सांगत होते. भरावाचा हा अंग आधी झाला, तो नंतर. मधली ताल एका पावसात फुटली होती, तिथले दगड बघ वेगळे दिसतात. पाणी इकडून येतं, तिथे जिरतं, मग विहिरीला लागतं.

"आणि धुकं पडतं का इथे?"

"पडतं की. थंडी पायजे, वारा पडलेला पायजे अन् आभाळ निवळ. मग तळ्यावर बसतं. दिस वर आला की अर्ध्या तासात गेलं."

हेच मी नंतर वाचलं. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता निघून जाते, ओल्या जागेवरची हवा गार होते, वाऱ्याने ढवळली नाही तर तिथेच धुकं धरतं. आप्पांना ते वाचावं लागलं नव्हतं. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन फोटोग्राफरचा १९४१ सालचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा एक फोटो जगप्रसिद्ध आहे. संध्याकाळी गाडीतून जाताना त्याला गावच्या स्मशानातल्या क्रुसांवर शेवटचं ऊन दिसलं. घाईघाईने कॅमेरा लावला, तर लाइट मीटर सापडेना. पण चंद्राचा उजेड किती असतो तो आकडा त्याला पाठ होता. त्यावरून त्याने मनात हिशेब करून एक फोटो काढला, आणि दुसरा काढेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. मला या गोष्टीत आधी चंद्राचा आकडा भारी वाटायचा. ढिगावरून उतरताना वाटलं, आपल्याला आपल्या रानातलं असं पाठ काय आहे?

पहिल्या शनिवारी वारा होता. धुकं नाही. दुसऱ्या शनिवारी धुकं एवढं पडलं की डोंगर, तलाव, ज्वारी काहीच नाही. पांढऱ्या कागदाचा फोटो. तिसऱ्या शनिवारी सगळं जुळून आलं. थंडी, निवळ आभाळ, तळ्यावर बेताचं धुकं, आणि मेमरी कार्ड पुण्याला लॅपटॉपमध्ये. त्या सकाळी मी जे शब्द वापरले ते आईने ऐकले आणि दोन दिवस बोलली नाही.

मधे संक्रांत होऊन गेली. खरेदीखताची तारीख पडली.

चौथ्या शनिवारी पहाटे सहाला ढिगावर होतो. बोटं वाकत नव्हती. आप्पा कानाला मफलर गुंडाळून बरोबर आले आणि "तू काढ, मी बघून येतो," म्हणून ज्वारीकडे गेले. सव्वासातला डाव्या हाताने ऊन आलं. आधी डोंगराच्या सोंडेवर, मग भरावाच्या कडेवर, मग एकेका तालीवर. प्रत्येक तालीखाली सावलीची एक काळी रेघ उठली. तळ्यावर धुक्याची पट्टी, कमरेएवढी. आप्पा मधल्या तालीवरून चालत होते. माणूस हलतोय म्हणून आयएसओ ४०० केला, शटर एक साठांश, लेन्स ५०वर, एफ ८. जिथे ताल फुटली होती तिथे ते थांबले आणि वाकून एक सुटलेला दगड परत बसवला. पुढच्या महिन्यात विकायच्या रानातला दगड. मी बटण दाबलं.

सात फोटो झाले. मग ऊन पसरलं, धुकं गेलं आणि नेहमीचं रान उरलं.

नगरला जाऊन बारा बाय अठराची प्रिंट काढून आणली. आप्पांनी ती दारात, उजेडात धरली. बराच वेळ गेला.

"हां," ते म्हणाले. "ही आपली पट्टी."

एवढं ऐकायला मी अडीच महिने घालवले होते, तेव्हा थोडा फुगलो. तेवढ्यात ते म्हणाले, "लिंब राहिला."

पूर्वेच्या कोपऱ्यात एक कडुलिंब आहे. तो फ्रेमच्या डाव्या कडेला अर्धवट येत होता, गिचमिड दिसत होती, म्हणून मी कॅमेरा थोडा उजवीकडे घेतला होता. कंपोझिशन. "कडेला नको असलेलं काही येऊ देऊ नका" हा नियम मी नव्यानेच शिकलो होतो.

"त्यालाच तुझी झोळी बांधायची तुझी आई, खुरपायला आल्यावर," एवढं बोलून त्यांनी प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि सातबारा, पावत्या वगैरे असतात त्या ट्रंकेत ठेवून दिली. भिंतीवर लावू का, असं मी विचारलं नाही.

तर लँडस्केप फोटोग्राफी कशी सुरू करावी, असं आता मला कुणी विचारलं तर मी काय सांगेन? कॅमेरा कुठलाही चालेल, मोबाइलही चालेल. ट्रायपॉड न डुगडुगणारा घ्या. कार्ड तपासा. आणि भंडारदऱ्याला जा, जरूर जा, पण पहिला फोटो अशा जागेचा काढा जिथे चूक झाली तर सांगणारं कुणी आहे. कोकणकड्याच्या माझ्या फोटोत चूक काढायला कुणी नव्हतं, म्हणून तो मला चांगला वाटला होता. आणि फार थांबू नका. प्रकाश परत येतो, रानाचं सांगता येत नाही.

खरेदीखत झालं. ज्वारी काढून घ्या म्हणाले, ती काढली. एप्रिलमध्ये फ्लॅटचं बुकिंग करून आलो आणि त्याच शनिवारी लिंबाचा फोटो काढायला गेलो. तारेचं कुंपण पडलं होतं. लिंब आत, अजून उभा, नवी पालवी फुटलेली.

जाळीच्या पलीकडचा फोटो काढायची एक युक्ती आहे. लेन्स तारेला अगदी टेकवायची, ५५वर न्यायची, ॲपर्चर जेवढं उघडेल तेवढं उघडायचं. तार इतकी पुसट होते की फोटोत राहतच नाही. तसा एक काढला, छान आला. मग चार पावलं मागे येऊन एफ ११वर दुसरा काढला. त्यात तार दिसते, तिच्या गाठीसुद्धा दिसतात.

दोन्ही लॅपटॉपवर आहेत. आप्पांना कुठला दाखवायचा ते अजून ठरत नाहीये.